बाळ पालथे पडू लागले म्हणजे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मी सातवी शिकलेली बाई, भाषण कसले करणार? त्या म्हणाल्या, "भाषण नको. गेले दोन महिने तुम्ही जे दारोदार सांगत फिरता, तेच एकदा इथे सांगा. म्हणजे सगळ्यांना एकदम कळेल आणि तुमचे पायही दुखायचे नाहीत." तेव्हा तेच सांगते. विषय लहानच आहे, चार महिन्यांच्या बाळाएवढा. बाळ झोपेत पालथे पडू लागले की आपण बायकांनी काय करावे आणि काय करू नये, एवढाच.

पालथे पडणे ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट. दिवसा पडले की आपण टाळ्या वाजवतो, शेजारणीला हाक मारतो, "अगो बाय, पोर पालथां परलां!" तेच रात्री दोन वाजता पडले म्हणजे मात्र आईच्या पोटात गोळा येतो. नाक गादीत रुतेल का, श्वास कोंडेल का, आपला डोळा लागला तर काय होईल, अशा शंभर शंका येतात. यात हसण्यासारखे काही नाही. पूर्वी आपल्या घणसोलीत शेते होती, मिठागरे होती, खाडी होती, आणि घरात सासू, जाऊ, नणंद, आत्याबाई अशा चार बायका एका ओटीवर निजत. कोणी ना कोणी जागी असेच. आता गावात इमारतीला इमारत लागून उभी राहिली. एका खोलीत नवराबायको आणि तान्हे मूल. नवरा कंपनीत रात्रपाळीला. भाड्याने राहणाऱ्या कितीतरी मुली सातारा-सांगलीच्या, उत्तरेकडच्या. त्यांना इथे माहेरचे कोणी नाही. रात्रीच्या भीतीला सोबत म्हणून हातात मोबाईल, आणि मोबाईल तर भीती दुप्पट करून देतो.

माझी थोरली लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली. नात साडेचार महिन्यांची झाली आणि एका रात्री पाहावे तो पालथी. लेकीने तिला उताणी केले. दहा मिनिटांनी पुन्हा पालथी. पुन्हा उताणी. असे पहाटेपर्यंत चालले. दुसऱ्या रात्री तेच. मी म्हणे, "तू नीज, मी बघते." पण आईचे मन, ती काही ऐकेना. आठ दिवसांत पोरीचे डोळे खोल गेले, दूध कमी झाल्यासारखे वाटू लागले, जावईबापूंवर उगाच खेकसू लागली. नवव्या रात्री मला जाग आली तेव्हा ती बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली होती, आणि बाळ तिच्या मांडीवरून घसरून तिच्या कुशीच्या आणि सोफ्याच्या पाठीच्या फटीत तोंड खुपसून पडले होते. मी हळूच काढून घेतले. बाळाने जांभई दिली, काही झाले नव्हते. पण मला दरदरून घाम फुटला.

सकाळी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि पहिले वाक्य म्हणाल्या ते असे : "तुम्ही जिला घाबरता ती गादी त्या सोफ्याच्या मानाने पुष्कळ बरी." सोफ्यावर, आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोपणे ही सर्वांत वाईट जागा. जागरणाने दमलेली आई नेमकी तिथेच झोपते. म्हणजे बाळ पालथे पडू नये म्हणून केलेल्या पहाऱ्यानेच बाळ जास्त धोक्यात येते. हे ऐकल्यापासून मी या विषयाच्या मागे लागले. लेक मोबाईलवर वाचून दाखवी, मी वहीत लिहून घेई, आणि शंका आली की डॉक्टरीणबाईंना विचारून येई. त्यांनीही कंटाळा केला नाही.

आता आधी मूळ गोष्ट. बाळाला झोपवताना नेहमी उताणे झोपवावे, दिवसाही आणि रात्रीही, वर्षाचे होईपर्यंत. कुशीवर नाही, पालथे तर नाहीच. कुशीवर निजवलेले बाळ अर्ध्या झोपेत कलंडून पालथे होऊ शकते.

का? तर पालथ्या बाळाचे तोंड अंथरुणाजवळ असते. मऊ अंथरुणात खळगा पडतो आणि आपण सोडलेला वापरलेला श्वासच ते पुन्हा पुन्हा आत घेते. अंगात उष्णताही साठते. मोठे माणूस अशा वेळी चुळबुळ करून मान वळवील. तान्ह्याला ते बळ नसते आणि पालथे असताना ते सहज जागेही होत नाही. आपल्याकडच्या मोठ्या बायका म्हणतात ना, "पालथं निजव, म्हणजे कसं गाढ झोपतं बघ." अगदी खरे आहे. पालथे मूल गाढ झोपते, पण ती गाढ झोपच धोक्याची. श्वास कमी पडला की दचकून जागे होणे ही बाळाची राखण आहे, आणि गाढ झोपेत ती राखणच निजते.

दुसरी शंका मला प्रत्येक घरात ऐकायला मिळाली. उताणे असताना दूध उलटले तर घशात अडकणार नाही का? डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. श्वासाची नळी पुढच्या अंगाला असते, अन्नाची नळी पाठीकडे. बाळ उताणे असले म्हणजे श्वासाची नळी वर आणि अन्नाची खाली. उलटलेले दूध खालच्या नळीकडे वळते आणि बाळ ते गिळून टाकते. पालथे केले की उलट होते. श्वासाची नळी खाली येते आणि दूध तिच्या तोंडाशी जमते. विहिरीचे पाणी वर चढत नाही, एवढे तर आपल्याला शाळेत न जाताही समजते.

आता तुम्हाला साहेबाच्या देशातली एक गोष्ट सांगते, कारण तिकडचे ते सगळे शहाणपणाचे असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत डॉक्टर स्पॉक म्हणून मुलांचे मोठे डॉक्टर होते. त्यांचे बालसंगोपनाचे पुस्तक १९४६ साली निघाले आणि लाखांनी खपले. घरोघरच्या आया ते पोथीसारखे उशाशी ठेवीत. १९५० नंतरच्या आवृत्त्यांत त्यांनी लिहिले की बाळाला पालथे निजवण्याची सवय बरी. कारण कोणते? हेच, उलटी घशात अडकेल आणि डोके मागून चपटे होईल. हेतू वाईट नव्हता. पण मग तिकडे डॉक्टर, नर्सेस, सगळेच तसे सांगू लागले आणि लाखो बाळे पालथी झोपू लागली. धडधाकट बाळ रात्री निजवावे आणि सकाळी उठूच नये, कारण सापडू नये, असे होऊ लागले. त्याला ते पाळण्यातला मृत्यू म्हणत.

१९८७ साली हॉलंडमधल्या डॉक्टर द योंगे यांनी उघड सांगितले की बाळांना पालथे निजवू नका, आणि तिथे मृत्यू कमी झाले. न्यूझीलंडने १९९१ साली हेच सांगायला सुरुवात केली. त्याच वर्षी इंग्लंडात ॲन डायमंड या बाईंचा सेबॅस्टियन हा मुलगा असाच गेला. त्या दूरदर्शनवर कार्यक्रम करणाऱ्या, सगळ्या देशाला ठाऊक असलेल्या बाई. न्यूझीलंडमध्ये काय चालले आहे ते त्यांनी समजून घेतले आणि सरकारच्या मागे लागल्या, की हे आमच्या बायकांना का सांगत नाही? वर्ष संपायच्या आत तिथेही प्रचार सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ साली आपला सल्ला बदलला, १९९४ साली देशभर मोहीम निघाली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलेही प्रमाण निम्म्याहून कमी झाले.

याहून जिवाला लागणारी गोष्ट पुढे आहे. २००५ साली इंग्लंडातल्या संशोधकांनी जुने कागद तपासले. पालथे निजवणे घातक आहे याचा पुरावा १९७० सालीच हाती होता, तो कोणी नीट एकत्र करून पाहिला नाही. पाहिला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये १०,००० आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे मिळून ५०,००० बाळे वाचली असती, असा त्यांनी हिशेब मांडला. पन्नास हजार! आपल्या गावातले प्रत्येक घर कितीदा मोजावे लागेल ते बघा. आणि या मुलांच्या आया काही आडाणी नव्हत्या. पुस्तक वाचून, डॉक्टरांचे ऐकून, जीव लावून त्यांनी मुलांना पालथे निजवले होते.

त्या साऱ्या वर्षांत आपल्याकडे काय होते? आपली आजी नातवंडाला पाळण्यात उताणेच घालीत होती. तेव्हा छाती थोडी फुगवायला हरकत नाही. पण थोडीच, कारण आपल्याही काही रीती आहेत, त्यांच्याकडे पुढे येते.

तर उताणे निजवायचे हे ठरले. पण आपण निजवले उताणे आणि बाळ आपणहून पालथे झाले तर? माझ्या लेकीचा प्रश्न हाच होता.

बाळे साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पालथी पडू लागतात; कोणी थोडे आधी, कोणी नंतर. पहिल्यांदा एकाच बाजूला वळता येते. पालथे होते, पण परत उताणे होता येत नाही, मग रडते. अशा दिवसांत तुम्हाला जाग आली आणि बाळ पालथे दिसले तर हलकेच उताणे करा. पण त्यासाठी घड्याळ लावून रात्रभर बसायचे कारण नाही. पुढे दोनतीन आठवड्यांत, कधी थोड्या अधिक, बाळ पालथ्याचे उताणे आणि उताण्याचे पालथे असे दोन्हीकडे आपणहून वळू लागते. ते एकदा जमले की आपण निजवायचे उताणेच, पण मग ते ज्या अंगावर वळून झोपेल तसे झोपू द्यायचे. जे मूल आपल्या बळाने वळते, त्याच्या मानेत आणि हातांत तोंड मोकळे करण्याचेही बळ आलेले असते. शिवाय या दुखण्याचा मोठा काळ पहिल्या सहा महिन्यांचा, त्यातही दुसऱ्यापासून चौथ्या महिन्यापर्यंतचा. म्हणजे बाळ दोन्हीकडे वळू लागते तोवर तो काळ ओसरत आलेला असतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सासवांनी, आत्यांनी आणि मुले सांभाळणाऱ्या बायकांनी ऐकावी. जे मूल रोज उताणे झोपते त्याला एखाद्या दिवशी दुसऱ्या कोणी पालथे निजवले, तर त्याला धोका सर्वांत जास्त असतो. त्याला त्या निजेची सवय नसते. आई कामावर गेली, बाळ रडते आहे, म्हणून मायेनेच आपण पोटावर टाकतो आणि थोपटतो. तेव्हा हा नियम एकट्या आईने पाळून चालत नाही. बाळ ज्याच्या ज्याच्या हातात जाते त्या सर्वांना तो ठाऊक हवा.

बाळाचे वळणे आपल्या हातात नाही, बायांनो. वळणारच ते, वळायलाच पाहिजे. आपल्या हातात आहे ते अंथरूण. रात्रभर बाळाकडे बघत बसण्यापेक्षा संध्याकाळी एकदा अंथरुणाकडे बघावे.

अंथरूण कसे असावे? सपाट आणि घट्ट. हात दाबला तर खळगा पडू नये. आपली सतरंजी, तिच्यावर एक पातळ घडी आणि ताणून घातलेली चादर, झाले. कापसाची फुगलेली नवी गादी नको. चार पदरी गोधडी अंगावर नको, अंगाखाली घट्ट घातली तर चालेल. बाळाजवळ उशी नको, मऊ खेळणी नकोत, सुटी पांघरुणे नकोत. थंडी असेल तर अंगात एक झबले जास्त घाला.

आणि आता ज्याकरिता मी घरोघर फिरले ते सांगते. बाळ वळू लागले की आपण पहिले काय करतो? दोन्ही बाजूंना उशा लावतो. मी पंचवीस-तीस घरे पाहिली, बहुतेक ठिकाणी या उशा होत्या. कोणाकडे लोड होते, कोणाकडे साडीच्या गुंडाळ्या, एकीकडे तर तांदळाच्या पिशव्या. वाटते, कुंपण घातले. पण वळणारे बाळ त्या कुंपणापर्यंत जाते आणि त्याचे नाक नेमके त्या मऊ उशीत रुतते. मागे सरायला जागा नसते. मोकळ्या घट्ट अंथरुणावर पालथे झालेले बाळ बरे, उशीत अडकलेले नव्हे. दुकानात रंगीत गोल उशा, बाळाला जखडून ठेवणाऱ्या पाचरी मिळतात, त्यांचेही तेच. अमेरिकेत पाळण्याच्या कडेने लावायच्या गाद्या आणि उतरत्या झोपण्याच्या पाळण्या विकायलाच २०२२ साली कायद्याने बंदी केली. आपल्याकडे त्याच वस्तू बारशाला आहेर म्हणून येतात. हजारो रुपयांची यंत्रेही निघाली आहेत, बाळाच्या पायाला बांधून मोबाईलवर नाडी आणि प्राणवायू मोजणारी. असे मृत्यू त्यांनी टळतात असे डॉक्टर म्हणत नाहीत. पैसे बाळंतिणीच्या खाण्याला लावावेत.

पलंगावरून बाळ पडेल ही भीती मात्र अगदी रास्त आहे. उपाय उशी नव्हे, उपाय म्हणजे जमीन. पलंगावर एकटे ठेवूच नये. खाली अंथरावे. आपल्या एका खोलीत वेगळा पाळणा कुठून येणार? पण बाळाची चटई वेगळी असू शकते, आईच्या हाताच्या अंतरावर. हात लांब केला की बाळ लागले पाहिजे, पाजायला जवळ घेता आले पाहिजे, पण तिच्या पांघरुणाखाली बाळ नको. मच्छर आपल्याकडे खाडीमुळे पाचवीला पुजलेले. मच्छरदाणी अवश्य लावावी, पण ती छत्रीसारखी लहान जाळी वळणाऱ्या बाळाच्या तोंडाला चिकटते. मोठी मच्छरदाणी लावून तिच्यात मायलेकरू दोघांनी झोपावे.

आता आपल्या रीती. राईची उशी. डोके गोल व्हावे म्हणून सव्वा महिना ठेवतात. डोक्याची एक बाजू थोडी चपटी दिसली तरी बाळ बसूफिरू लागल्यावर ती बहुतेक आपोआप भरते. उशीची गरज नाही, आणि वळणाऱ्या बाळाजवळ तर ती नकोच. दुपट्यात हातपाय घट्ट गुंडाळून निजवतो, ते पहिल्या दोन महिन्यांत उताणे असताना ठीक. बाळ वळायची खटपट करू लागले त्या दिवसापासून बंद. हात बांधलेले बाळ पालथे झाले तर त्याने तोंड कशाने सोडवावे? कुंची ही बाहेर जाताना, वाऱ्यात शोभते. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत, आणि बाळ कमी वजनाचे असेल तर डॉक्टर सांगतील तोवर, डोके झाकावे लागते. नंतर घरात, आपल्या घामाच्या हवेत, झोपेत कुंची नको. तिची नाडीही गळ्याशी येते. नजरेचा काळा दोरा गळ्यात न बांधता कमरेला करगोटा बांधावा, नजर तिथूनही लागत नाही.

बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि धुरी यांबद्दल मी फार बोलत नाही, कारण ती आता बहुतेक घरांतून गेली. जिथे असेल तिथे दार बंद करून ठेवू नये, एवढेच. सिगारेट-बिडीचे मात्र बोलले पाहिजे. बाळाच्या खोलीत ती कोणीही ओढू नये, मग तो घरचा कर्ता असो की पाहुणा.

आणि मशेरी. या सभेत किती जणींचे दात काळे आहेत ते मी मोजत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची पाहणी झाली होती, ती २००४ साली छापून आली. मशेरी-तंबाखू लावणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम वजनाने कमी भरली, आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची बाळेच झोपेतल्या या संकटाला अधिक बळी पडतात. म्हणजे बाळाच्या अंथरुणाची काळजी सातव्या महिन्यातल्या सकाळच्या मशेरीपासून सुरू होते. सुनेची मशेरी सोडवायची असेल तर सासूने आपली डबी आधी बाजूला ठेवावी; मी माझ्या घरात हेच सांगितले आणि डबी गेली.

एक गोष्ट पुरुषांच्या सभेत कोणी बोलणार नाही, म्हणून इथे बोलते. ज्याने दारू घेतली आहे त्याने त्या रात्री बाळाच्या अंथरुणावर निजू नये. बाप असला तरी नाही. झोपेत हात कुठे पडतो याची त्याला शुद्ध नसते. भांडण न करता त्याचे अंथरूण बाहेरच्या खोलीत घालावे, आणि खोली एकच असेल तर बाळाला घेऊन शेजारणीकडे जावे. शेजारणीने दार उघडावे. मंडळ आपण त्याकरिताच काढले आहे ना?

"मग बाळाला कधी पालथे करायचेच नाही का?" असे मला एका सुनेने विचारले. करायचे, रोज करायचे, पण जागे असताना आणि आपण समोर असताना. मान, खांदे, पाठ त्यानेच बळकट होतात आणि बाळ दोन्हीकडे लवकर वळू लागते. यात आपली रीत फार चांगली आहे. न्हाणीत पाटावर बसून, पाय पसरून, पायांवर बाळाला पालथे घेऊन आपण तेल चोळतो आणि पाणी घालतो, तेव्हा ते मान उचलून इकडेतिकडे बघते. डॉक्टरीणबाईंना हे सांगितले तर त्या हसून म्हणाल्या, "आम्ही याच व्यायामाची पत्रके वाटतो." न्हाणीखेरीज दिवसातून तीनचार वेळा चटईवर पाच-पाच मिनिटे घालावे, समोर खुळखुळा धरावा. झोप येऊ लागली की उताणे.

दुसरी एक म्हणाली, "दवाखान्यात तर कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर पोटाशी बांधून ठेवतात, ते कसे?" तिथे आई टेकून बसलेली असते, बाळ उभे असते, मान एका बाजूला वळवून नाक मोकळे ठेवलेले असते आणि नर्सची नजर असते. ऊब देण्याचा तो उपचार आहे. आडव्या गादीवर पालथे टाकणे निराळे.

भीतीचे माप मात्र ठेवावे. आपल्या देशात तान्ही बाळे दगावतात ती मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या जन्माने, जन्मताना श्वास कोंडल्याने, जंतू लागल्याने, न्यूमोनियाने. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर तान्ह्यांची देखभाल करवली. १९९९ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा पहिल्या महिन्यातले बाळमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्या बायकाही आपल्याइतक्याच शिकलेल्या, कित्येक तर कमी. त्यावरूनच २०११ पासून देशभर आशाताईंनी बाळाच्या घरी जायचे ठरले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ताई आल्या की आपण चहा विचारतो आणि वजन लिहून घेतो. पुढच्या वेळी त्यांना बाळाचे अंथरूण दाखवा.

बाळ निळे-काळे पडले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, अंग ढिले पडले, पाजायला घेतले तरी चोखेना, तर ते पालथे होते की उताणे याचा विचार करीत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि निघावे.

माझी नात आता सात महिन्यांची झाली. पालथीच झोपते, ढुंगण वर करून, बेडकासारखी. लेक तिला उताणी निजवते आणि स्वतः कूस बदलून झोपी जाते. तिच्या डोळ्यांखालचे काळे गेले.

भाषण झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजींनी झोळीबद्दल विचारले, तेही इथे लिहिते, कारण तो प्रश्न पुष्कळांच्या मनात असणार. त्यांच्या घरी चार पिढ्या झोळीत वाढल्या. झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला लागते आणि कापड तोंडाशी येते. म्हणून रडणारे बाळ शांत करायला, आपण दोरी धरून समोर बसलो असताना झोळी चालेल, पण झोप लागली की बाळ अंथरुणावर काढावे. आणि बाळ वळू लागले की झोळी उतरवावी, कारण वळणारे मूल तिच्यातून बाहेर पडते. आजींनी विचारले, मग आढ्याच्या कडीचे काय करू? मी म्हटले, असू द्या, कडी काही खात नाही. परवा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा कडीला कांद्यांची वेणी टांगलेली होती आणि पणतू खाली चटईवर झोपला होता.